शोभेची शतावरी आणि घरांतील उजेड

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत बैठकीची खोली सजवितांना एखादें हिरवें झाड आंत आणून ठेवण्याची आवड पुष्कळ वाढली आहे, आणि ती चांगली आहे याविषयीं दुमत असूं नये. या झाडांपैकीं जें सर्वांत नाजूक, कुंडींतून हिरव्या धुक्याचा पुंजका वर यावा तसें दिसणारें, त्यास घरांतील मंडळी 'फर्न' म्हणतात व रोपवाटिकेंतील माळी 'अस्परॅगस' म्हणतो. येथें देवळाली कॅम्पांत जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांतून आणि नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून तें पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतें. व्हरांड्यांतील झाड वर्षानुवर्षें जोमानें वाढत असतें. तेंच हौसेनें बैठकींत आणून ठेवलें कीं दोन-तीन महिन्यांत पिवळें पडतें, त्याच्या सुया गळूं लागतात, आणि रोज सकाळीं त्या झाडून काढणाऱ्या सुनेच्या कपाळास आठी पडते. मग निदानें सुरू होतात. सासूबाईंच्या मतें पाणी कमी पडलें, मामंजींच्या मतें पाणी जास्त झालें, आणि आत्याबाईंस दृष्टीची शंका येते. माझें म्हणणें असें कीं, या तिन्ही निदानांच्या आधीं एक साधा प्रश्न विचारावयास हवा: या झाडास दिवसांतून उजेड किती मिळतो?

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द, कारण या बाबतींत अर्धा घोटाळा नांवानेंच केला आहे. 'फर्न' म्हणजे आपला नेचा. नेच्यास फूल येत नाहीं, बीं धरत नाहीं. त्याच्या पानांच्या पाठीवर जी तपकिरी भुकटी दिसते तिच्यापासून त्याची वाढ होते. आपल्या कुंडींतील झाडास बारीक पांढरीं फुलें येतात व पुढें वाटाण्याएवढीं किंवा त्याहून लहान फळें धरतात. तेव्हां तो नेचा नव्हे हें उघड आहे. तें झाड आपल्या शतावरीचें सख्खें नातलग आहे. अमरकोश पाठ केलेल्या वाचकांस शतावरीच्या नांवांत 'शतमूली' व 'बहुसुता' हीं नांवें आठवतील. कुंडी उलटी करून मातीचा गड्डा हातांत घेतला तर हीं नांवें किती विचारपूर्वक ठेवलीं आहेत तें दिसतें. मुळांस जागोजाग पांढुरक्या गांठी किंवा कंद लागलेले असतात व त्यांत पाणी आणि अन्न सांठविलेलें असतें. ज्यांस आपण पानें म्हणतों त्या हिरव्या सुयाहि वस्तुतः पानें नव्हेत. त्या अतिसूक्ष्म डहाळ्या आहेत. खरें पान आखडून एखाद्या खवल्याएवढें राहिलें आहे, आणि कांहीं जातींत त्याचाच कांटा झाला आहे.

नांवाच्या घोटाळ्यानें नुकसान होतें तें असें. नेचे म्हटले म्हणजे विहिरीच्या आंतील बाजूस, ओलसर काळोख्या कपारींत वाढणारी वनस्पति डोळ्यांपुढें येते. मग 'फर्नला ऊन लागत नाहीं' हा सिद्धांत ठरतो आणि बिचारी शतावरी घरांतील सर्वांत काळोख्या कोपऱ्यांत जाऊन बसते. उलट पक्षीं, ती नेचा नव्हे एवढें ज्यास कळलें तो उत्साहानें तिला गच्चीवर भर उन्हांत ठेवतो, आणि वैशाखांत ती वाळलेल्या गवतासारखी होते. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्यें आहे.

ती समजून घेण्यास रानांतील शतावरी पाहावी. सह्याद्रीच्या उतारावर, करवंदीच्या जाळींत किंवा शेताच्या कुंपणांत ती उगवते. पहिल्या पावसानंतर तिचे कोंब जमिनींतून वर येतात. याच कोंबांची भाजी आदिवासी स्त्रिया पावसाळ्याच्या आरंभीं बाजारांत आणतात. कोंब जाळीच्या आंतून, कांट्यांच्या आधारानें वर चढतो व उजेडांत आल्यावर आपला पिसारा उघडतो. म्हणजे मूळ सांवलींत, बुंधा सांवलींत, आणि माथा चाळून आलेल्या उन्हांत. आपल्या कुंडींतील शोभेच्या जाती मूळच्या दक्षिण व पूर्व आफ्रिकेकडील. पण त्यांचीहि राहणी बरीचशी अशीच आहे. त्यांचीं फळें पक्षी खातात, फांदीवर बसून बीं खालीं टाकतात, आणि रोप उगवतें तें आपोआपच झाडाखालच्या छायेंत. ऑस्ट्रेलियांत याच जातींनीं बागांतून पळून झाडांखालची जमीन अशी व्यापली कीं तेथें त्यांची गणना उपद्रवी तणांत झाली आहे. ज्या वनस्पतीनें परक्या देशांत एवढा पुंडपणा करावा तिनें आपल्या बैठकींत तीन महिन्यांत प्राण सोडावा, यावरून दोष तिच्या प्रकृतीचा नसून आपण दिलेल्या जागेचा आहे हें लक्षांत येईल.

आतां उजेडाच्या मापाकडे वळूं. या बाबतींत आपला डोळा हा अत्यंत अविश्वासू साक्षीदार आहे. बाहेरून आंत येतांच क्षणभर अंधारी येते, पण डोळ्यांतील बाहुली मोठी होते आणि पांच मिनिटांत तीच खोली आपणांस लख्ख वाटूं लागते. झाडास अशी बाहुली नाहीं. शास्त्रज्ञांनीं उजेड मोजण्यासाठीं 'लक्स' हें परिमाण ठरविलें आहे. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील कागदावर जेवढा उजेड पाडते तेवढा अदमासें एक लक्स समजावा. या मापानें निरभ्र दिवशीं माध्यान्हीचें ऊन सुमारें १,००,००० लक्स भरतें. त्याच वेळीं इमारतीच्या मोकळ्या सांवलींत १०,००० च्या आसपास असतो. खिडकीला लागून, पण ऊन येत नसेल अशा जागीं, हजार-दोन हजार. आणि त्याच खोलींत दहा-बारा फूट आंत, भिंतीशीं, शंभर-दोनशें. आपल्या डोळ्यांस खिडकी व भिंत यांत निम्म्याचा फरक वाटतो. वस्तुतः तो दहा-वीस पटींचा असतो. आजकाल भ्रमणध्वनीवर उजेड मोजण्याची सोय मिळते. तें माप अगदीं काटेकोर नसलें तरी खिडकीपासून भिंतीपर्यंत तें यंत्र नुसतें नेऊन पाहिलें तरी डोळे उघडतात. घरांतील मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा.

यंत्र नको असेल त्यांच्यासाठीं हाताची सांवली पुरेशी आहे. दिवसा दहा-अकराच्या सुमारास कुंडीच्या जागीं एक पांढरा कागद ठेवावा व त्याच्यावर एक फुटावर हात धरावा. बोटें स्पष्ट उमटून कडा रेखीव दिसल्या तर तें प्रत्यक्ष ऊन होय. हाताचा आकार ओळखूं येतो पण कडा पुसट आहेत, अशी मृदु सांवली पडली तर ती जागा शतावरीस मानवेल. नुसता एक अस्पष्ट डाग दिसला तर तेथें ती कांहीं दिवस तग धरील, आणि सांवलीच पडली नाहीं तर तेथें पितळेची समई ठेवावी, झाड ठेवूं नये.

यापुढें दिशेचा विचार. बागकामावरील इंग्रजी पुस्तकांत 'दक्षिणेची खिडकी', 'उत्तरेची खिडकी' असे शब्द येतात, आणि आपले कित्येक सुशिक्षित वाचक ते जसेच्या तसे प्रमाण मानतात. पण तीं पुस्तकें ज्यांनीं लिहिलीं त्यांचा सूर्य निराळा आहे. लंडन शहर ५१ अंशांच्याहि वर उत्तरेस आहे. तेथें डिसेंबरांत भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश चढतो, आणि जूनमध्येंहि तो कधीं माथ्यावर येत नाहीं. देवळाली सुमारें २० अंशांवर आहे. येथें डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य ४६-४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फुटांवर असेल व वर छज्जा नसेल तर दुपारचें ऊन साडेसहा फूट आंत येतें. पुढें सूर्य उत्तरेकडे सरकतो तसें हें ऊन मागें मागें हटतें. मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सांवली काठीच्याच पायाशीं नाहींशी होते. तेथून जुलैच्या २४ तारखेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेस असतो. त्या दोन महिन्यांत दक्षिणेच्या खिडकींत ऊन येत नाहीं, आणि उत्तरेच्या खिडकींत सकाळ-संध्याकाळ तिरीप शिरते. तेव्हां आपल्या इकडे 'या खिडकींत वर्षभर ठेवा' असा एकच नियम सांगणें शक्य नाहीं. झाड सूर्याबरोबर वर्षांतून दोन-तीनदां हलवावें लागतें.

दिशांपैकीं पूर्व ही सर्वांत निर्धोक. सकाळीं नऊ-साडेनऊपर्यंतचें कोवळें ऊन सर्व जातींस मानवतें, आणि हवा थंड असल्यानें सुया करपत नाहींत. पश्चिमेचें ऊन मात्र मोजण्यास तेवढेंच भरलें तरी फळास फार निराळें. दिवसभर तापलेली भिंत, कोरडा वारा आणि चारचें ऊन हीं तिन्ही एकदम येतात. पश्चिमेची गॅलरी असेल तर मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडल्यावांचून तेथें शतावरी ठेवण्याच्या भरीस पडूं नये.

आपल्या जुन्या घरांच्या रचनेंत उजेडाच्या पायऱ्या किती उत्तम ठरविलेल्या होत्या हें या निमित्तानें सांगावेसें वाटतें. अंगणांत पूर्ण ऊन. ओटीवर किंवा पडवींत ऊन नाहीं, पण आकाश मोकळें दिसतें. त्याच्या आंत सोपा. तेथें वाचतां येतें, पण सुई ओवतां येत नाहीं. माजघरांत दिवसाहि मंद प्रकाश, आणि देवघरांत नंदादीप. नाशकांतील जुन्या वाड्यांत चौकामुळें मधल्या भागासहि आकाशाचा तुकडा मिळे. शतावरीस या सर्वांत पडवी आणि चौकाची कड याच दोन जागा योग्य. आपलें झाड जेथून आकाश 'पाहूं' शकतें तेथें तें जगतें, एवढें साधें सूत्र लक्षांत ठेवलें तरी चालेल: कुंडीच्या उंचीवर आपण आपलें डोकें न्यावें आणि खिडकींतून आकाश किती दिसतें तें पाहावें. समोरच्या इमारतीची भिंतच दिसत असेल तर ती खिडकी कितीहि मोठी असो, तिचा उपयोग थोडा.

देवळालीच्या बंगल्यांचे रुंद व्हरांडे हे पडवीचेच विलायती अवतार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें लष्करी छावणी वसली, आणि मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई येथें महिनेच्या महिने पडून राहूं लागले. डोकें फिरल्याबद्दल इंग्रजींत जो 'डूलाली' शब्द आहे तो याच गांवच्या नांवावरून निघाला. कोणी त्याचा दोष येथील उन्हास देतात. मला वाटतें दोष उन्हापेक्षां रिकामपणाचा असावा. तें कसेंहि असो, उतरतीं कौलें पुढें काढून त्यांनीं व्हरांड्यांत जी खोल छाया निर्माण केली तिच्यांत शतावरीचें उत्तम चालतें. फ्लॉरिडांत हिची पानें पुष्पगुच्छांसाठीं पिकविण्याचा मोठा धंदा पूर्वीं चालत असे, आणि तो लांकडी पट्ट्यांच्या मांडवाखालीं किंवा ओक वृक्षांच्या छायेंत चाले, तत्त्व एकच.

आमच्या शेजारच्या एका एकत्र कुटुंबाची हकीकत या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. ही मंडळी बरींच वर्षें एका जुन्या बंगल्याच्या अर्ध्या भागांत राहत होतीं. व्हरांड्याच्या कठड्यावर आजींची शतावरी होती; आजोबांनीं ती पंचवीसएक वर्षांपूर्वीं लावलेली, आणि त्यांच्या मागें आजी तिला स्वतःच्या हातानेंच पाणी घालीत. बंगला पाडावयाचा ठरल्यावर कुटुंब जवळच दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्यें गेलें. आजींच्या भावनेचा मान राखून मुलांनीं ती कुंडी देव्हाऱ्याशेजारीं, दोन खोल्यांच्या मधल्या बोळांत ठेवली. जागा स्वच्छ, संगमरवरी फरशीची, रात्रंदिवस विजेचा दिवा. पण खिडकी नाहीं. महिन्याभरांत बुंध्याकडील फांद्या पिवळ्या झाल्या. आजींनीं पाणी वाढविलें. दुसऱ्या महिन्यांत बोट लावतांच सुया झडूं लागल्या, आणि आजी जेवतांना एकदां एवढेंच म्हणाल्या कीं, "हिनें आतां त्यांच्याकडे जायचें ठरवलेलं दिसतंय." त्या दिवसापासून घरांत त्या कुंडीविषयीं कोणी मोठ्यानें बोलेना.

त्यांचा नातू अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकतो. मी त्यास त्या बोळांतील उजेड मोजावयास सांगितलें; तो ७० लक्स भरला. पूर्वेच्या गॅलरींत, जाळीच्या आंतल्या बाजूस, सकाळीं दहा वाजतां ४,००० च्या वर. मग आजींची परवानगी घेऊन कुंडी उतरविली. उजेड नाहीं आणि पाणी दुप्पट, यामुळें माती आंबली होती व कंदांपैकीं निम्मे मऊ पडले होते. ते कापून टाकले, कडक कंद नव्या वाळूमिश्रित मातींत लाविले, आणि वरच्या सगळ्या फांद्या जमिनीलगत छाटल्या. हें छाटणें आजींस पाहवेना; त्या आंत जाऊन बसल्या. पण एकदां सुया गळालेल्या काडीवर पुन्हा सुया फुटत नाहींत. नवा पिसारा येतो तो खालून, कंदाच्या बळावर. जून महिना होता. तीन आठवड्यांनीं पहिला कोंब दिसला, आणि श्रावणापर्यंत पांच झाले. आजी आतां सकाळीं गॅलरींत पाट टाकून बसतात व जपहि तेथेंच करितात.

या हकीकतींत उजेड व पाणी यांचा जो संबंध दिसतो तो फार महत्त्वाचा आहे. उजेडांतील झाड पाणी पितें. काळोखांतील झाड पीत नाहीं. जागा जितकी अंधारी तितकें पाणी कमी, हा नियम. शतावरीच्या कंदांत तर पाण्याचा सांठाच असतो, त्यामुळें तिला एखाद्या दिवसाचा उपास सोसतो, रोजची दलदल सोसत नाहीं. वरची बोटभर माती कोरडी झाल्याखेरीज पाणी घालूं नये.

पिवळेपणाचेहि प्रकार ओळखतां आले पाहिजेत. उजेड कमी पडला असतां पिवळेपणा आंतून व खालून सुरू होतो, नवे कोंब लांबच लांब, किडकिडीत व उघडेबोडके येतात, आणि सारें झाड खिडकीकडे मान वळवितें. ऊन जास्त झालें असतां जी बाजू उन्हाकडे आहे तीच फिक्की, गवती रंगाची होऊन मग तपकिरी होते. पाठीमागची बाजू हिरवीच राहते. पाणी तुटलें तर सर्व अंगानें एकदम कोरडी गळ लागते आणि कुंडी उचलतांना हलकी लागते. मुळें कुजलीं तर मातीस वास येतो व काडी ओढतांच हातांत येते. एवढें पाहून मगच उपाय करावा. पहिल्या प्रकारांत खत घालणें म्हणजे अजीर्ण झालेल्यास पक्वान्न वाढण्यासारखें आहे.

बाजारांत मुख्यतः तीन जाती मिळतात व तिघींची उन्हाची सहनशक्ति निरनिराळी आहे. पहिली ती पसरट, थरांथरांच्या पिसाऱ्याची, जिची डहाळी गुलाबाच्या मागें लावून कोटाच्या गुंडीत खोवण्याची विलायतेंत एके काळीं चाल होती. ही सर्वांत नाजूक. हिला सकाळचें तासाभराचें ऊन पुरे, बाकी दिवसभर मोकळ्या आकाशाचा उजेड. दुसरी 'स्प्रेंगेरी', नेपल्स येथील कार्ल स्प्रेंगर या जर्मन वनस्पतिज्ञाच्या नांवाची. हिच्या फांद्या टांगलेल्या कुंडींतून खालीं लोंबतात व त्यांस बारीक कांटे असतात. ही चिवट आहे. हळूहळू संवय लावली व पाणी वेळेवर मिळालें तर पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत पूर्ण उन्हांतहि राहते. वैशाखांत मात्र तिलाहि दुपारची सांवली द्यावी. तिसरी 'फॉक्सटेल', कोल्ह्याच्या शेपटासारखे ताठ झुबके असलेली. ती या दोघींच्या मधली. घरांत ठेवावयाची असेल तर पहिली, गॅलरींत दुसरी, आणि पायरीच्या दोहों बाजूंस तिसरी, अशी वांटणी मला पसंत आहे.

ऋतूंप्रमाणें देवळालीस काय करावें तें थोडक्यांत सांगतों. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कुंडी कडेपासून दोन-तीन फूट आंत घ्यावी. उजेड पुष्कळ असतो, झळ टाळावयाची असते. गच्चीवर किंवा अंगणांतच ठेवणें असेल तर हिरवें शेडनेट बांधावें. निम्मी सांवली देणारें पुरतें. आषाढ-श्रावणांत याच्या उलट. ढगांनीं आकाश भरलें म्हणजे उन्हाळ्याच्या मानानें उजेड पांचवा किंवा दहावा हिस्साच उरतो, आणि घरांत तर संध्याकाळच असते. पिवळेपणाच्या तक्रारी माझ्याकडे सर्वांत जास्त याच दिवसांत येतात. तेव्हां कुंडी निःशंक बाहेर आणावी, फक्त तळचें भोंक मोकळें आहे हें पाहावें. खरा धोका त्यानंतर, भाद्रपद-आश्विनांत. पाऊस उघडतो, आणि दोन महिने ढगाखालीं वाढलेल्या कोवळ्या फांद्यांवर ऑक्टोबरचें ऊन एकदम पडतें. चार दिवसांत करपतात, आणि लोकांस वाटतें कीड पडली. नवरात्राच्या आधींच कुंडी पुन्हा आंत सरकवावी. कोणतेंहि झाड सांवलींतून उन्हांत नेणें असल्यास पंधरा दिवस घ्यावे. पहिले चार दिवस सकाळचा अर्धा तास, मग एक तास, अशा क्रमानें. हिंवाळ्यांत दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली. मात्र पौषांत आमच्या जिल्ह्यांतील थंडी कधीं कधीं द्राक्षबागाईतदारांच्या डोळ्यांत पाणी आणते; तशा रात्रीं कुंडी उघड्यावर ठेवूं नये.

नव्या इमारतींत आणखी दोन गोष्टी उजेड खातात व त्या कोणाच्या लक्षांत येत नाहींत: रंगीत कांच आणि डांसांची जाळी. जाळीवर धूळ बसली म्हणजे ती पडद्याचेंच काम करते. महिन्यांतून एकदां ती धुवावी, आणि झाडावरहि पाण्याची फवार मारून सुयांवरील धूळ काढावी. समोरची भिंत पांढरी असल्यास उजेड परतून येतो, हाहि लाभ आहे. कुंडी दर आठवड्यास पाव वळसा फिरवावी, म्हणजे झाड एका अंगास कलत नाहीं.

ज्यांच्या घरांत योग्य खिडकीच नाहीं त्यांनीं वीस वॅटची पांढऱ्या प्रकाशाची एल. ई. डी. नळी झाडाच्या शेंड्यावर सुमारें एक फुटावर टांगावी व रोज बारा तास लावावी. महिन्यास सात युनिटांच्या आसपास वीज लागेल. आढ्याला असलेला नेहमीचा दिवा मात्र या कामाचा नव्हे. दूर जातां जातां त्याचा उजेड झपाट्यानें कमी होतो. दुसरा मार्ग अधिक स्वस्त: दोन कुंड्या ठेवाव्या, एक गॅलरींत व एक बैठकींत, आणि दर दहा दिवसांनीं त्यांची अदलाबदल करावी. पाहुण्यांस झाड नेहमीं टवटवीत दिसतें, आणि झाडासहि विसांवा मिळतो.

शेवटीं एक सूचना, जी उजेडाविषयीं नसली तरी शतावरीच्या नांवामुळें द्यावीच लागते. बाळंतिणीस दूध यावें म्हणून शतावरी कल्प देण्याची चाल आपल्या घरांत आहे. त्या औषधाची शतावरी निराळी, ती रानांतली. शोभेच्या कुंडींतील कंद दिसावयास तसेच असल्यानें 'घरचीच ताजी मुळी' म्हणून ते उगाळून देण्याचा विचार एका घरीं झालेला मीं स्वतः ऐकला आहे; तेथें वेळींच अडविलें म्हणून बरें. हे कंद औषध म्हणून कोणासहि देऊं नयेत, आणि बाळंतिणीस खरें औषधहि वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावें. या जातींचीं लाल फळें दिसण्यास फार मोहक असतात. तीं पोटांत गेल्यास मुलांस ओकाऱ्या व पोटदुखी होते, मांजर-कुत्र्यांसहि तीं बाधतात, आणि फांद्यांचा चीक कित्येकांच्या कातडीस खाजरा लागतो. घरांत रांगतें मूल असेल तर फळें धरतांच खुडून टाकावीं आणि स्प्रेंगेरीची कुंडी छतास टांगावी. तेथें, पूर्वेच्या गॅलरींत वर टांगल्यास, तिला उजेडहि जास्त मिळतो.